उतरता आकडा

सुंदराबाईंचं क्रिएटिनिन उतरलं त्या दिवशी आम्रपालीने गल्लीत पेढे वाटले. शेजाऱ्यांनी विचारलं, बढती मिळाली की लग्न ठरलं? ती म्हणाली, आईचा रिपोर्ट आला. लोकांनी पेढे खाल्ले, सुंदराबाईंना आशीर्वाद दिले आणि आपापल्या कामाला लागले. ज्यांच्या नावाने पेढे वाटले त्या सुंदराबाईंनी एक पेढा जिभेवर ठेवला, तोंड वेडंवाकडं केलं आणि पदराआड हळूच थुंकून टाकला. संशोधन केंद्रातल्या नव्या औषधाची निळी कॅप्सूल सुरू झाल्यापासून त्यांना गोडाला रॉकेलचा वास यायचा.

आम्रपालीने ते पाहिलं. पाहून सोडून दिलं. आकडा उतरला होता ना.

आकड्यावर विश्वास ठेवणं हा तिचा धंदाच होता. ती वैधमापन खात्यात निरीक्षक. बाजारातून फिरायचं, व्यापाऱ्यांचे वजनकाटे तपासायचे, खोटे असतील ते उचलून न्यायचे. मंडईत तिला काटेवाल्या मॅडम म्हणत. ती कोपऱ्यावर दिसली की मिठाईवाले घाईघाईने काट्यावरचं पुठ्ठ्याचं खोकं बाजूला काढायचे, कारण खोक्यासकट बर्फी तोलणाऱ्यांना ती सोडत नसे. काटा खरा आहे हो मॅडम, असं दुकानदार शपथेवर सांगायचे. ती म्हणायची, काटा खराच आहे, तुम्ही त्यावर काय ठेवलंय ते बघा. हे वाक्य ती दिवसातून दहादा बोलायची, आणि घरी आली की विसरायची.

सुंदराबाई म्हणजे येरवड्यातली नावाजलेली बाई. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी. त्यांनी मसाला कांडपाची गिरणी घातली आणि तीस वर्षं एकटीने चालवली. मिरचीचं पोतं हमालाची वाट न बघता स्वतः ओढायच्या. दंड असे की कासाराला बांगडी चढवताना घाम फुटायचा. चौदा एप्रिलला जयंतीच्या जेवणाची मोठी कढई त्यांच्याच ताब्यात असायची. झारा हातात घेतला की तरण्या पोरांना त्या जवळ उभं करत नसत, तुमचे हात मोबाईलपुरते आहेत म्हणायच्या.

साठी उलटल्यावर पायाला सूज यायला लागली. तपासणीत निघालं, मूत्रपिंडं कमजोर झालीत. रक्तात क्रिएटिनिन नावाचा एक कचरा असतो, तो लघवीवाटे बाहेर जायला हवा, तो जात नाही, साठतो. आकडा जितका जास्त तितकं मूत्रपिंड मेलेलं. डायलिसिसचं नाव निघालं आणि सुंदराबाई आयुष्यात पहिल्यांदा घाबरल्या. यंत्राला बांधून जगायचं नाही मला, एवढंच त्या म्हणाल्या.

अशात कुणीतरी धायरीकडच्या एका संशोधन केंद्राचं नाव सुचवलं. तिथे नव्या औषधाची चाचणी चालू होती. सगळ्यांना खरं औषध, तपासण्या फुकट, जायला यायला गाडी. आणि डॉक्टर केयूर, परदेशात शिकून आलेले, तरुण, हसरे. अशा ठिकाणी कोण लोक जातात ते सांगायला नको. येरवड्याची कांडपवाली, कात्रजची म्हशी पाळणारी, धायरीचा जमीन विकून बसलेला शेतकरी. कोथरूडच्या बंगल्यातली एकही आई त्या खुर्च्यांवर बसलेली कुणी पाहिली नाही.

बाहेरच्या खोलीत एक पांढरा फळा होता. तपासणीच्या दिवशी पूर्णिमा, म्हणजे केंद्रातली पेशंटची सगळी व्यवस्था बघणारी मुलगी, त्यावर एकेकाचं नाव आणि मागच्या वेळचा आकडा लिहायची. आकडा उतरला असेल तर हिरव्या शाईने खाली बाण. मग ती टाळ्या वाजवायची आणि सगळ्यांना वाजवायला लावायची. चढला असेल तर काळ्या शाईने नुसता आकडा. टाळ्या नाहीत. पेशंट येत राहावेत, उत्साह टिकावा, म्हणून ही युक्ती. डॉक्टर केयूरना ती फार आवडली होती. लोकांचं आजारपण असं भिंतीवर टांगू नये हे तिथे कुणाला सुचलं नाही. गरिबाची लाज किती स्वस्त असते ते अशा ठिकाणी कळतं.

आणि खरं सांगायचं तर पेशंटनाही फळा आवडला होता. सुंदराबाई लहानपणी गावच्या शाळेत दाराशी बसायच्या, चपलांच्या शेजारी. दुसरीत शाळा सुटली. फळ्यावर त्यांचं नाव कधी आलं नव्हतं. साठीनंतर ते आलं, तेही हिरव्या शाईत, आणि खोलीभर माणसांनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. गाडीतून परत येताना त्या खिडकीबाहेर बघून हसत होत्या.

फळा आला तशी परीक्षा आली, आणि परीक्षा आली तसा अभ्यास आला. अभ्यासाच्या मास्तरीण होत्या कात्रजच्या वेणूबाई. फळ्यावर पहिला नंबर त्यांचा. आवाज असा की म्हशीला हाक मारल्यासारखा. सुंदराबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना बाजूला बसवून घेऊन वेणूबाईंनी गुपित सांगितलं.

"रगात द्यायच्या आधी आठ-धा दिस सगळं बंद करायचं बघ. डाळ न्हाय, अंडं न्हाय, मटणाचं तर नावच घ्यायचं न्हाय. नुसती भाताची पेज. आकडा कसा सरसर खाली येतो."

धायरीचे बापूराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, परीक्षेला बसायचं तर अभ्यास करूनच बसावं माणसाने, नापास व्हायला काय, घरीही होता येतं.

केंद्राने हे पथ्य कुणाला सांगितलं नव्हतं. पण मनाईही केली नव्हती. वेणूबाई हे सगळं पूर्णिमासमोर बोलायच्या, आणि पूर्णिमा हसायची. मूत्रपिंडाच्या पेशंटने डाळ-मटण बेतानेच खावं हे खरं. पण बेताने खाणं आणि पेजेवर राहणं यात फरक आहे. घाबरलेल्या माणसाला तो दिसत नाही. आठवडाभराचं पथ्य पंधरवड्यावर गेलं. कॅप्सूलने भूक आधीच मारली होती, त्यामुळे पथ्य पाळणं सोपं झालं. पथ्य चालू आहे की भूक गेली आहे, हेही मग कुणाला सांगता येईना.

आणि घरात हे पथ्य चोख पाळून घेणारी आम्रपालीच. सुंदराबाईंनी एकदा सुकटाची चटणी मागितली, तर हिने ऐकवलं, चौदा दिवसांवर तपासणी आलीय, जीभ आवर. सुंदराबाई म्हणाल्या, अंगात जीव राहिला नाही गं. आम्रपाली म्हणाली, रिपोर्ट बघ, रिपोर्ट काय खोटं बोलतो का. जयंतीच्या दिवशी सुंदराबाई कढईजवळ गेल्या, झारा उचलला आणि परत ठेवला. शेजारच्या शालनने पुढे होऊन तो घेतला आणि म्हणाली, मावशी किती वाळल्या. आम्रपालीने तिलाही केंद्राचा आकडा सांगितला. शालन म्हणाली, बरं बाई, तू शिकलेली.

केंद्रात वजनही करत. वजन तेवढंच होतं. पूर्णिमा म्हणायची, बघा काकू, वजनही मेंटेन आहे. काकूंच्या पायात पाणी भरलं होतं, चप्पल चढत नव्हती, पण काट्याला पाणी आणि मांस एकच. तिथे तर साक्षात खोकं काट्यावर ठेवलेलं होतं, आणि काटेवाल्या मॅडम शेजारी उभ्या राहून मान डोलवत होत्या.

पावसाळ्यातल्या एका तपासणीला वेणूबाई आल्या नाहीत. फळ्यावर त्यांचं नाव वरच होतं, हिरव्या बाणासकट. बापूराव म्हणाले, पहिला नंबर आला की शाळेला दांडी मारायची मुभा असेल. पूर्णिमा हसली नाही. आम्रपालीने बाजूला घेऊन विचारलं तर ती म्हणाली, त्या ॲडमिट आहेत, मला जास्त सांगता येणार नाही.

आम्रपालीने ऑफिस सुटल्यावर शोधत जाऊन वेणूबाईंना गाठलं. सरकारी दवाखान्याचा वॉर्ड, खिडकीशी खाट. वेणूबाईंच्या मानेत नळी घातलेली होती. डायलिसिस सुरू झालं होतं. घरात पडल्या, उठताच येईना, मग श्वास लागला, मग इथे. आम्रपाली आधी चुकीच्या खाटेकडे बघत उभी राहिली, कारण या खाटेवर एवढीशी बाई होती. पांघरुणावर ठेवलेला हात शाळकरी पोरीचा वाटावा असा.

"आकडा तर पयला हुता की माझा," वेणूबाई म्हणाल्या. आवाज तेवढा जुना होता. "मग ह्ये कसं झालं? तू शिकल्याली हायेस, तूच सांग."

आम्रपालीने त्यांचं पांघरूण सारखं केलं.

ती घरी आली. सुंदराबाई जमिनीवर बसून लसूण सोलत होत्या. लेक आली म्हणून उठायला गेल्या. एक हात भिंतीला, एक हात कपाटाला, मग गुडघ्यावर, मग पुन्हा भिंतीला. हे आम्रपाली रोज बघत होती. त्या दिवशी तिने ते पाहिलं. आईच्या ब्लाऊजच्या बाहीवर तीन शिवणी होत्या, एकीच्या आत एक. बाही सैल झाली की आत घ्यायची, पुन्हा सैल झाली की पुन्हा घ्यायची. त्या तिन्ही शिवणी आम्रपालीनेच मशीनवर घातल्या होत्या. वर्षभरात आईचं एकच खरं माप कुणी घेतलं होतं, ते तिने स्वतः, आणि ते घेताना ती मनात म्हणाली होती की हल्ली कापड फार सैल पडतं.

दुसऱ्या दिवशी ती आईला घेऊन डॉक्टर नीरजाकडे गेली. नीरजाचा दवाखाना गल्लीच्या तोंडाशी, एक खोली आणि एक पंखा. सर्दी-खोकल्याची डॉक्टर म्हणून लोक तिला फार धरत नसत. तिने रिपोर्टांची चळत बाजूला ठेवली आणि सुंदराबाईंना खुर्चीत बसवलं. म्हणाली, मावशी, हात छातीशी घ्या, आणि कशाला न धरता उठून दाखवा.

सुंदराबाई उठू शकल्या नाहीत. दोनदा प्रयत्न केला आणि मग त्या खाली बघत बसल्या.

नीरजाने समजावलं ते इतकं साधं होतं की आम्रपालीच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. क्रिएटिनिन येतं कुठून? स्नायूंमधून. मांस जितकं, तितका हा कचरा तयार होतो, आणि मूत्रपिंड तो बाहेर टाकतं. आता माणूस उपाशी राहिला, मांस झडलं, तर कचराच कमी तयार होणार. रक्तातला आकडा उतरणार. मूत्रपिंड सुधारलं म्हणून नाही, तर कचरा करणारं मांसच उरलं नाही म्हणून.

आम्रपालीने विचारलं, हे त्यांना माहीत नसेल का?

नीरजा म्हणाली, "ताई, हे मला पहिल्या वर्षाला शिकवलं. त्यांना माहीत नाही असं म्हणालात तर त्यांचा अपमान होईल."

तिने दुसरी एक तपासणी लिहून दिली. सिस्टॅटिन नावाचा पदार्थ, तो अंगातल्या सगळ्याच पेशी सोडतात, स्नायू असोत की नसोत, त्यामुळे वाळलेल्या माणसातही मूत्रपिंडाचा अंदाज बराच खरा येतो. पुण्यात कुठल्याही मोठ्या लॅबमध्ये होते. रिपोर्ट आला. सुंदराबाईंची मूत्रपिंडं सुधारली नव्हती. चाचणीत गेल्या तेव्हा होती त्यापेक्षा बरीच खालावली होती. नीरजा म्हणाली, डायलिसिस अजून लांब ठेवता येईल, पण ती कॅप्सूल बंद करून आईंना नीट खायला घालावं लागेल, आणि आजपासून.

डॉक्टर केयूरनी आम्रपालीला लगेच भेट दिली. तेवढं सौजन्य होतं. काचेचं टेबल, मागे पडद्यावर आलेख. रेघ डावीकडून उजवीकडे सुंदर उतरत गेलेली. पुढच्या महिन्यात ते हा आलेख घेऊन परिषदेला जायचे होते. त्यांनी नवा रिपोर्ट पाहिला, भुवया उंचावल्या आणि म्हणाले, इंटरेस्टिंग.

मग त्यांनी तिला समजावलं. अशा अभ्यासात औषध चाललं की नाही हे कशावरून ठरवायचं, ते आधीच पक्कं केलेलं असतं. त्यांच्या अभ्यासात ते क्रिएटिनिनवर ठरलेलं आहे. मधेच माप बदललं तर सगळंच अशास्त्रीय होईल. आणि मॅडम, सिस्टॅटिनचा विचार आम्ही केला नाही असं समजू नका. प्रत्येक तपासणीला रक्ताची एक जास्तीची नळी घेतो ना, ती त्याचसाठी. सगळे नमुने उणे ऐंशी डिग्रीला व्यवस्थित जपून ठेवलेत. अभ्यास संपला की एकदम तपासू.

"कधी संपतो अभ्यास?"

"साधारण दोन वर्षं."

आम्रपालीने रिपोर्ट टेबलावरून परत उचलला. बाजारात ती ओरडायची नाही. ओरडणाऱ्या निरीक्षकाला दुकानदार चहा पाजून घालवतात, हे ती पहिल्याच वर्षी शिकली होती.

"म्हणजे खरं माप तुम्ही फ्रीजरमध्ये ठेवलंय," ती म्हणाली, "आणि खोटं भिंतीवर लावलंय."

डॉक्टर केयूरचं हसू तेव्हा पहिल्यांदा गेलं. ते म्हणाले, हे फार अनफेअर आहे. उपाशी राहायला आम्ही सांगितलं नव्हतं. नेहमीचा आहार घ्या असं आमच्या नियमात स्वच्छ लिहिलंय. तुम्ही लोकांनी आपापसात काहीतरी पथ्यं काढलीत, त्याने आमचा डेटा बिघडला, खरं तर तक्रार आम्ही करायला हवी.

बघा, ही तऱ्हा. बाई वाळून काडी झाली, आणि बिघडलं काय, तर डेटा.

आम्रपालीने विचारलं, मग टाळ्या कोण वाजवत होतं? भूक मेल्याची तक्रार सुंदराबाईंनी दर वेळी सांगितली, त्याचं काय केलंत? डॉक्टर म्हणाले, नोंद आहे, किरकोळ या सदरात. वेणूबाईंचं? त्या हॉस्पिटलमध्ये गेल्याचं आम्ही रीतसर वर कळवलंय, त्यांना आधीपासून इतरही आजार होते, औषधाशी संबंध दिसत नाही, बाकी मला बोलता येणार नाही. शेवटी ते उठले, दार उघडून धरलं आणि म्हणाले, सहभाग संपूर्ण ऐच्छिक आहे, आईंना कधीही बाहेर पडता येईल. नळातून गढूळ पाणी सोडायचं आणि सांगायचं की पिणं ऐच्छिक आहे.

पण आईला बाहेर काढणं आम्रपालीला वाटलं तेवढं सोपं निघालं नाही.

सुंदराबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मी औषध सोडणार नाही. हा आकडा खोटा आणि तो खरा, हे तुला कुणी सांगितलं? गल्लीतल्या डॉक्टरणीने. आणि हा खरा हे कुणी सांगितलं होतं? परदेशातून आलेल्या डॉक्टरने. मग मी कुणाचं ऐकू? औषध सोडलं आणि उद्या वेणूसारखी नळी घातली मला, तर? आम्रपाली म्हणाली, वेणूबाईंनी औषध सोडलं नव्हतं आई, घेत घेतच त्या तिथे पोचल्या. सुंदराबाई ऐकायला तयार नव्हत्या. पेज घेऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या,

"पेढे तूच वाटलेस ना?"

आम्रपाली उठून ओट्याशी गेली. तिने सुकट भाजलं, त्यावर कांदा चिरून घातला, भाकरीचा तुकडा केला आणि ताट आईसमोर ठेवून शेजारी बसून राहिली. सुंदराबाईंनी एक घास घेतला, रॉकेल लागलं म्हणाल्या, आणि तरी गिळला. मग म्हणाल्या, तपासणीला मी जाणार. काय ते तिथे बघीन, माझ्या डोळ्यांनी.

तपासणीच्या दिवशी बाहेरची खोली भरलेली होती. वेणूबाईंचं नाव फळ्यावरून पुसलेलं होतं आणि पहिल्या नंबरावर बापूराव चढले होते. पूर्णिमा हिरवा पेन हातात घेऊन उभी होती. तिने बापूरावांपासून एकेकाचं नाव लिहून हिरवे बाण काढले, टाळ्या झाल्या. शेवटी सुंदराबाईंचं नाव लिहायला घेतलं.

सुंदराबाई म्हणाल्या, थांब पोरी, आधी माझी परीक्षा घे. त्यांनी हात छातीशी घेतले आणि उठायचा प्रयत्न केला. नाही उठता आलं. पुन्हा केला. तिसऱ्यांदा खुर्चीच मागे सरकली. खोलीत कुणीतरी हसलं. सुंदराबाई हसणाऱ्याकडे वळल्या. ते बापूरावच होते.

"बापूराव, तुमचा पहिला नंबर ना? उठा बघू हात न टेकवता."

बापूरावांनी पेपर घडी करून ठेवला. म्हणाले, त्यात काय आहे, ऐंशी पोत्यांची गाडी एकट्याने भरलीय मी. हात छातीशी घेतले. मान पुढे गेली, मानेच्या शिरा फुगल्या, पाय थरथरले, आणि ते तिथेच राहिले. पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा केला नाही. पेपर उचलून त्यांनी तोंडासमोर धरला, तो उलटा होता.

मग कुणी न सांगता एकेकाने करून पाहिलं. कोपऱ्यातली बाई, तिच्या शेजारचा रिक्षावाला, त्याच्या पलीकडचं जोडपं. सगळ्यांची नावं फळ्यावर, सगळ्यांचे बाण हिरवे, आणि खुर्चीतून कुणी उठू शकेना. एक नुकती भरती झालेली बाई, जिची कॅप्सूल अजून सुरूच व्हायची होती, ती मात्र एका झटक्यात उभी राहिली, आणि आपण काही चूक केली की काय अशा चेहऱ्याने परत बसली.

आम्रपाली दाराजवळ उभी होती. सकाळपासून मनात जुळवलेलं तिचं सगळं भाषण तिथेच राहिलं. सगळे आपापलं वजन स्वतः करत होते.

आवाज ऐकून डॉक्टर केयूर बाहेर आले. सुंदराबाई त्यांना म्हणाल्या, साहेब, एवढं फळ्यावर लिहा की. आकडा लिहिता, तसं हेही लिहा. उठता येत नाही म्हणून.

डॉक्टर म्हणाले, काकू, आपण आत बसून बोलू.

"आत नको. आकडा बाहेर लिहिता ना?"

पूर्णिमा पेन धरून उभी होती. इतके महिने या माणसांना ती फोन करत होती, गाडीत बसवत होती, त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होती. तिने हिरव्या पेनाला टोपण लावलं, काळा घेतला आणि बापूरावांच्या बाणाशेजारी लिहिलं, उठता येत नाही. मग खालच्या नावापुढे. मग त्याच्या खालच्या.

"पूर्णिमा, पुसा ते," डॉक्टर म्हणाले.

"सगळं लिहून झालं की पुसते, सर," ती म्हणाली, आणि लिहीत राहिली.

त्या दिवशी रक्त कुणीच दिलं नाही. परत जाताना गाडीत बसायला बापूरावांना आम्रपालीने हात दिला. त्यांनी तो घेतला, आणि टोमणा मारला नाही.

पुढे जे झालं ते ऐकून कुणाचं समाधान होणार नाही. पेशंटांनी मिळून तक्रार केली, पूर्णिमाने आपल्या नावानिशी वेगळी केली. चाचण्यांवर देखरेख करणाऱ्या समितीने फ्रीजरमधल्या नळ्या काढायला लावल्या. त्यात जे निघायचं ते निघालं, आणि नवीन माणसं घेणं थांबलं. पूर्णिमाची नोकरी गेली. डॉक्टर केयूर परिषदेला गेलेच. आलेख तोच दाखवला म्हणतात, खाली बारीक अक्षरात एक ओळ घालून, की काही सहभागींनी आहाराचे नियम पाळले नाहीत. म्हणजे गुन्हेगार पेजच ठरली. केंद्राने पत्रकही काढलं, त्यात पेशंटच्या सुरक्षिततेला सर्वोच्च प्राधान्य होतं. फळा काढून तिथे निसर्गचित्र लावलं. वेणूबाई यंत्रावरच आहेत. आम्रपाली आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे जाते. पहिल्या नंबराचा विषय दोघी काढत नाहीत.

सुंदराबाईंची कॅप्सूल बंद झाली. रॉकेलचा वास हळूहळू गेला. नीरजाने ठरवून दिलेलं त्या खाऊ लागल्या, अंडं, बेताची डाळ, कधी रविवारी रश्श्यातले दोन तुकडे. पायाची सूज औषधाने उतरली आणि काट्यावर वजन कमी भरलं, पण बाहीची एक शिवण आम्रपालीला उसवावी लागली. हिवाळ्याच्या शेवटी पुन्हा तपासणी झाली. नीरजाच्या दवाखान्यात आम्रपालीने दोन्ही रिपोर्ट उघडले. सिस्टॅटिन जिथे होतं तिथेच टिकून होतं, मूत्रपिंडं आणखी खालावली नव्हती. क्रिएटिनिन मात्र चांगलंच चढलं होतं. केंद्राच्या फळ्यावर ते काळ्या शाईने लिहिलं गेलं असतं, आणि कुणी टाळ्या वाजवल्या नसत्या.

सुंदराबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. लेकीचा चेहरा त्यांना वाचता आला नाही.

"काय गं, नापास झाले का?"

"झालीस," आम्रपाली म्हणाली.

सुंदराबाईंनी हात छातीशी घेतले, जरा पुढे झुकल्या, दात आवळले आणि बाकावरून उठल्या. मधे एकदा डोलल्या, आम्रपालीने पुढे केलेला हात त्यांनी झटकला. नीट उभ्या राहिल्यावर त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, चल मग, भूक लागलीय.